मेरी सीकोल : नाकारलेल्या हातांची शुश्रूषा

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. आमांशाने जर्जर झालेला एक भिक्खू विहारात आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागत आनंदासह तेथे आले. आनंदाने पाणी आणले, तथागतांनी ते ओतले, आनंदाने त्या भिक्खूचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर तथागतांनी संघाला एकत्र बोलावले. भिक्खूंना येथे आईबाप नाहीत, तेव्हा त्यांनीच एकमेकांची काळजी घेतली पाहिजे आणि रुग्णाची सेवा ही बुद्धाचीच सेवा समजली पाहिजे, असा उपदेश त्यांनी केला.

रुग्णसेवकाच्या अंगी कोणते पाच गुण असावेत, हेही तथागतांनी सांगून ठेवले आहे. त्याला औषध सिद्ध करता यावे. पथ्य काय आणि कुपथ्य काय हे कळावे. सेवा मैत्रीभावाने करावी, लोभाने नव्हे. मल, मूत्र, वांती, थुंकी उचलताना किळस वाटू नये. आणि रुग्णाच्या मनाला धीर देता यावा. या पाचांत जन्म, कुल किंवा वर्ण यांचा कोठेही उल्लेख नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी घालून दिलेली ही कसोटी आधुनिक जगाच्या परिचर्येच्या इतिहासाला लावून पाहावी, या हेतूने आम्ही या लेखासाठी एका विलक्षण स्त्रीचे चरित्र निवडले आहे.

दरवर्षी १२ मे रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची जयंती आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून जगभर साजरी होते. हाती दिवा घेऊन रात्री रुग्णांमधून फिरणारी त्यांची मूर्ती सर्वपरिचित आहे. त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ मे रोजी, त्याच युद्धात जखमींची सेवा केलेल्या दुसऱ्या एका स्त्रीचा स्मृतिदिन येतो आणि आपल्याकडे तो कोणाच्या लक्षातही येत नाही. तिचे नाव मेरी सीकोल. ती जमैकाची, मिश्रवंशीय आणि सावळ्या वर्णाची होती. तिला युद्धभूमीवर कोणी पाठविले नाही. ती स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या पायांनी तेथे गेली.

किंग्स्टनची मुलगी

मेरी जेन ग्रँट यांचा जन्म १८०५ साली जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात झाला. जमैका तेव्हा ब्रिटिश वसाहत होती. उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते आणि त्यांच्या घामावर इंग्लंडमधील मळेमालक श्रीमंत होत होते. मेरीचे वडील ब्रिटिश सैन्यातील स्कॉटिश अधिकारी होते, तर आई स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री होती. आई गुलाम नसल्यामुळे मेरीही जन्माने स्वतंत्र होती. तथापि हे स्वातंत्र्य अर्धेमुर्धेच होते. अशा मिश्रवंशीय स्वतंत्र लोकांना मालमत्ता बाळगता येई, व्यापार करता येई. परंतु गोऱ्यांच्या बरोबरीचे नागरी हक्क त्यांना जमैकात १८३० साली मिळाले. गुलामगिरी कायद्याने संपली ती १८३४ मध्ये, आणि गुलामांना खरीखुरी मोकळीक मिळावयास १८३८ साल उजाडले. म्हणजे वयाची तिशी ओलांडेपर्यंत मेरीने आपल्या आजोळच्या रक्ताची माणसे बाजारात विकली जाताना पाहिली होती.

आईचे किंग्स्टनमध्ये ब्लंडेल हॉल नावाचे निवासगृह होते. आजारी अधिकारी, त्यांच्या बायका, खलाशी तेथे उतरत. आई त्यांना जेवूखाऊ घाली आणि औषधोपचारही करी. मुळ्या, साली, पाला यांच्या गुणांचे ज्ञान आफ्रिकेतून आलेल्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले होते आणि बेटावरील वनस्पतींच्या अनुभवाने वाढविले होते. अशा वैदू स्त्रियांना जमैकात मोठा मान होता. लहानगी मेरी आईच्या हाताखाली शिकू लागली. प्रथम तिने आपल्या बाहुलीवर उपचार केले, मग घरातील कुत्र्यामांजरांवर, आणि पुढे स्वतःवर. शाळेच्या भिंतींत न मिळणारे हे शिक्षण होते. पण त्यात निरीक्षण होते, सराव होता आणि चूक झाली तर तिची किंमत मोजण्याची तयारी होती.

तरुणपणी मेरी नातेवाइकांबरोबर लंडनला गेली. तिच्यासोबतची मुलगी तिच्याहून काळी होती. लंडनच्या रस्त्यांवरील पोरे या दोघींच्या रंगावरून टवाळी करीत. हा अपमान मेरी आयुष्यभर विसरली नाही. मात्र त्यामुळे तिने प्रवास थांबविला नाही. जमैकातील लोणची आणि मुरंबे घेऊन ती पुन्हा लंडनला गेली आणि ते विकून दोन वर्षे तेथे राहिली. पुढे बहामा, हैती, क्यूबा ही बेटेही तिने पालथी घातली. एकट्या स्त्रीने समुद्रप्रवास करून व्यापार करावा, ही गोष्ट त्या काळी युरोपातही दुर्मीळ होती.

१८३६ मध्ये एडविन सीकोल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पती प्रकृतीने नाजूक होते. दोघांनी ब्लॅक रिव्हर या गावी दुकान घातले, पण ते चालले नाही. १८४३ साली किंग्स्टनला मोठी आग लागून ब्लंडेल हॉल भस्मसात झाले. पुढच्याच वर्षी पती वारले आणि त्यानंतर थोड्याच काळात आईही गेली. चाळिशीच्या उंबरठ्यावर मेरी सीकोल एकट्या उरल्या. काही दिवस त्या दुःखाने निश्चल बसून राहिल्या, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. मग उठल्या, निवासगृह पुन्हा उभारले आणि पुढे कधीही पुनर्विवाह केला नाही.

पटकीशी झुंज

१८५० साली जमैकात पटकीची साथ आली. तिने सुमारे ३२ हजार माणसे नेली. पटकी कशामुळे होते हे तेव्हा निश्चित ठाऊक नव्हते. दूषित हवेमुळे रोग पसरतात, असे अनेक विद्वान वैद्यही मानत. मेरी सीकोल मात्र ही साथ बाहेरून आलेल्या आगबोटीबरोबर आली आणि माणसाकडून माणसाकडे गेली, असे स्वतःच्या अनुभवावरून सांगत होत्या. निवासगृहात उतरलेल्या एका डॉक्टरकडून त्यांनी या रोगाच्या उपचारांविषयी बरेच काही जाणून घेतले.

पुढच्या वर्षी त्या पनामाला भावाकडे गेल्या. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यामुळे त्या वाटेने हजारो माणसे जात-येत होती. चाग्रेस नदीकाठचे क्रुसेस हे त्यांच्या मुक्कामाचे गाव म्हणजे चिखल, दारू, जुगार आणि घाण यांचे आगर होते. त्या पोहोचल्या आणि थोड्याच दिवसांत तेथे पटकीने पहिला बळी घेतला. ती पटकी आहे हे त्यांनी ओळखले. गावात डॉक्टर म्हणावा असा कोणी नव्हता. होता तो एक भेदरलेला दंतवैद्य. मेरी सीकोल घरोघर फिरू लागल्या. मोहरीचे वांतीकारक, पोटावर व पाठीवर मोहरीचा लेप, गरम शेक, दालचिनी घालून उकळलेले पाणी, शिवाय त्या काळी प्रचलित असलेले पाऱ्याचे औषध, असा त्यांचा उपचार होता. ज्याला परवडे त्याच्याकडून त्या पैसे घेत. ज्याच्यापाशी काही नसे त्याच्याकडून घेत नसत.

त्यांचे सर्वच उपचार बरोबर होते असे नाही. पाऱ्याचे औषध आज कोणी देणार नाही. आपल्या हातून काही घोडचुका झाल्या, हे त्यांनी आत्मचरित्रात उघडपणे मान्य केले आहे. एका रात्री एक तान्हे मूल त्यांच्या हातांत दगावले. ज्ञान मिळाल्याशिवाय पुढचे मूल वाचणार नाही, हे जाणून त्यांनी नदीकाठी त्या मुलाचे शवविच्छेदन केले आणि रोगाने शरीराचे काय होते ते प्रत्यक्ष पाहिले. आम्हांला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. एका अशिक्षित समजल्या जाणाऱ्या स्त्रीने दैवाला, कोपाला किंवा भूतबाधेला दोष न देता कारणाचा शोध घेतला. कार्यकारणभावाचा विचार म्हणतात तो हाच. शेवटी त्यांना स्वतःलाही पटकीने गाठले. त्यातून त्या वाचल्या.

पनामात अमेरिकन प्रवाशांचा वर्णद्वेष त्यांना पदोपदी अनुभवावा लागला. एका मेजवानीत एका अमेरिकनाने त्यांच्या सेवेचे कौतुक केले आणि त्याच भाषणात, त्यांची कातडी पांढरी करता आली असती तर किती बरे झाले असते, अशी हळहळ व्यक्त केली. मेरी सीकोल उभ्या राहिल्या. आपला रंग याहून काळा असता तरी आपण तितक्याच आनंदात राहिलो असतो आणि ज्यांचा आदर आपल्याला मोलाचा वाटतो त्यांनी तो तसाच केला असता, अशा आशयाचे उत्तर त्यांनी भर सभेत दिले. उपकार मानून कौतुक पदरात पाडून घेण्याचा सोपा मार्ग त्यांनी नाकारला.

१८५३ मध्ये त्या जमैकाला परतल्या तेव्हा तेथे पीतज्वराची साथ होती. लष्करी अधिकाऱ्यांनी अप-पार्क छावणीतील रुग्णांच्या शुश्रूषेची व्यवस्था त्यांच्याकडे सोपविली. म्हणजे ब्रिटिश सैन्याला त्यांच्या हातांचा गुण चांगलाच माहीत होता.

लंडनची बंद दारे

१८५४ च्या मार्चमध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. काळ्या समुद्राकाठच्या क्रायमिया द्वीपकल्पात सैन्य उतरले. तोफगोळ्यांपेक्षा पटकी, आमांश आणि ज्वर यांनीच शिपाई अधिक मरू लागले. जखमींची दैना वर्तमानपत्रांतून लंडनला कळली आणि मोठा क्षोभ उसळला. सरकारने फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नेतृत्वाखाली ३८ परिचारिकांचे पथक स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयाकडे रवाना केले. ते नोव्हेंबरच्या आरंभी तेथे पोहोचले.

याच सुमारास मेरी सीकोल लंडनमध्ये होत्या. जमैकात ज्या पलटणींच्या शिपायांची त्यांनी शुश्रूषा केली होती, त्यांपैकी काही पलटणी आता क्रायमियात होत्या. पटकी, पीतज्वर आणि आमांश यांचा त्यांच्याइतका अनुभव असलेली परिचारिका लंडनमध्ये क्वचितच सापडली असती. आणखी परिचारिका पाठविल्या जाणार आहेत हे कळल्यावर त्या युद्धखात्याच्या कचेरीत गेल्या. तेथून त्यांना दुसऱ्या कचेरीत पाठविले गेले, तेथून तिसऱ्या. युद्धमंत्र्यांच्या पत्नीकडेही त्या गेल्या. सर्व जागा भरल्या आहेत, असे उत्तर मिळाले. सैनिकांच्या मदतनिधीने आपल्याला केवळ प्रवासखर्च देऊन पाठवावे, अशी विनंती त्यांनी केली. तीही फेटाळली गेली. हिवाळ्याच्या एका संध्याकाळी, अंधारत चाललेल्या रस्त्यावर त्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आपल्या रंगामुळेच तर हे होत नाही ना, ही शंका त्या दिवशी त्यांच्या मनात प्रथमच पक्की झाली.

त्यांच्या रंगाचा उच्चार कोणीही केला नव्हता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. प्रत्येकजण सभ्यपणे बोलला, प्रत्येकाने नियमाचे कारण सांगितले. योग्य उमेदवार आढळला नाही, असा शेरा मारून राखीव जागा रिकाम्या ठेवल्याचे आपल्या समाजातील ज्या सुशिक्षितांनी अनुभवले आहे, त्यांना ही भाषा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

रुग्ण आणि सेवक यांच्यामध्ये स्पर्शाचा विटाळ उभा राहिला म्हणजे काय होते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वेटिंग फॉर अ व्हिसा या आपल्या टिपणांत नोंदविले आहे. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. बऱ्याच विनवण्यांनंतर डॉक्टर आला, पण रुग्णाला वस्तीबाहेर आणावे या अटीवर. त्याने तापमापक एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो शिक्षकाच्या हाती दिला, शिक्षकाने पत्नीला लावला आणि त्याच क्रमाने तो परत गेला. डॉक्टरने नाडीला हातही लावला नाही. ती स्त्री मरण पावली. लंडनमध्ये सेवा करणारा हात नाकारला गेला. काठेवाडात सेवा मागणारे शरीर नाकारले गेले. दोन्ही ठिकाणी ज्ञान हजर होते आणि दोन्ही ठिकाणी भेदभावाने त्याची वाट अडविली.

स्प्रिंग हिलवरील घर

मेरी सीकोल यांनी अश्रू पुसले आणि स्वतःच जाण्याचे ठरविले. टॉमस डे या नातेवाइकाबरोबर त्यांनी भागीदारीत व्यापारी पेढी काढली, माल आणि औषधे विकत घेतली आणि १८५५ च्या जानेवारीअखेर बोटीने प्रस्थान ठेवले. त्यांनी वयाची पन्नाशी गाठली होती. वाटेत स्कुटारीला उतरून त्या नाइटिंगेल यांना भेटल्या. रात्रीपुरती झोपण्यास जागा मागितली. ती धुणे धुणाऱ्या बायकांच्या खोलीत मिळाली. दुसऱ्या दिवशी त्या पुढे निघाल्या.

नाइटिंगेल यांचे स्कुटारी येथील रुग्णालय रणभूमीपासून दूर, काळ्या समुद्राच्या दुसऱ्या टोकाला होते. सीकोल थेट रणभूमीलगत गेल्या. बालाक्लावा बंदरातून सेव्हास्तोपोलच्या वेढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काडिकोई गावाजवळ त्यांनी जागा निवडली आणि तिला स्प्रिंग हिल असे नाव दिले. वाहून आलेली लाकडे, माल बांधलेल्या पेट्यांच्या फळ्या, लोखंडी पत्रे, जुन्या खिडक्या आणि दारे जमवून त्यांनी घर उभारले. तेच त्यांचे ब्रिटिश हॉटेल. तळाला दुकान आणि खाणावळ, मागे कोठार, अंगणात कोंबड्या, बकऱ्या, खेचरे असा तो पसारा होता.

त्यांचा दिवस पहाटे चारला सुरू होई. कोंबड्या सोलणे, मांस शिजविणे, औषधे मिसळणे ही कामे उजाडण्यापूर्वी उरकत. सकाळी थंडीने गारठलेल्या शिपायांसाठी कॉफी तयार असे. मग आजाऱ्यांची रांग लागे. हगवण, कावीळ, हिमदंश, जखमा. दुपारी त्या छावणीतल्या रुग्णालयांत आणि झोपड्यांत जाऊन पेज, रस्सा आणि दूध न घालता केलेली तांदळाची खीर वाटीत. ही खीर शिपायांना फार प्रिय होती. रात्री आठला दार बंद होई, आणि रविवारी दुकान उघडत नसे. बंदरावर बोटींची वाट पाहत जखमी पडलेले असत, तेथेही जाऊन त्या पाणी पाजीत, पट्ट्या बदलीत. शिपाई त्यांना आई म्हणू लागले. भडक पिवळ्या-निळ्या पोशाखामुळे त्या लांबूनही ओळखू येत.

लढाईच्या दिवशी त्या खेचरांवर पिशव्या लादून निघत. एका पिशवीत पट्ट्या, सुया, दोरा, मलम, औषधे. दुसरीत भाकऱ्या, मांस, मद्य. १८ जून १८५५ रोजी रेडान बुरुजावरील हल्ला फसला, तेव्हा त्या गोळ्यांच्या माऱ्याखाली जखमींपाशी होत्या. तोफगोळा येताना दिसला की शिपाई त्यांना ओरडून आडवे पडावयास सांगत. ऑगस्टमध्ये चेर्नाया नदीकाठी लढाई झाली. तेथे त्यांनी फ्रेंच आणि इटलीतून आलेले सार्डिनियन शिपाई यांच्याबरोबर शत्रुपक्षाच्या रशियनांच्याही जखमा बांधल्या. एका रशियनाला खालच्या जबड्यात गोळी लागली होती. ती शोधण्यासाठी सीकोल यांनी त्याच्या तोंडात बोट घातले आणि प्राण जाता जाता त्याचे दात त्या बोटावर घट्ट मिटले. त्या जखमेचा व्रण त्यांच्या बोटावर कायमचा राहिला. सप्टेंबरमध्ये सेव्हास्तोपोल पडले, तेव्हा जळत्या शहरात शिरून तहानलेल्यांना पाणी आणि जखमींना उपचार देणाऱ्यांत त्या अगदी पहिल्या होत्या.

टाइम्सचे युद्धवार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल यांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले आणि इंग्लंडला कळविले. त्यांच्या बातमीपत्रांमुळे सीकोल हे नाव घरोघरी पोहोचले.

दोन स्त्रिया, दोन वाटा

सीकोल यांच्यावर पुढे एक आक्षेप घेतला गेला, आजही घेतला जातो. त्या परिचारिका नव्हत्या, छावणीला माल पुरविणाऱ्या दुकानदार होत्या, असे म्हटले जाते. खुद्द नाइटिंगेल यांनी १८७० साली आपल्या नातेवाइकाला लिहिलेल्या खाजगी पत्रात, या बाईने शिपायांशी दयाळूपणा दाखविला आणि काही चांगलेही केले, पण तिच्या घरी दारू वाहत होती, असा ठपका ठेवला. आणि ते पत्र जाळून टाकावे अशी सूचनाही केली.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून आम्ही कोणाही एकीच्या बाजूने वकिली करू इच्छित नाही. सीकोल मद्य आणि माल विकत होत्या हे खरे आहे. नाइटिंगेल यांच्या कार्याची थोरवीही वादातीत आहे. मृत्यूंची आकडेवारी मांडून त्यांनी सरकारला स्वच्छतेचे महत्त्व पटविले आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांचे प्रशिक्षण विद्यालय स्थापन करून या कामाला शिस्तबद्ध व्यवसायाचे रूप दिले. प्रश्न इतकाच आहे की, ज्या स्त्रीला सरकारने वेतन नाकारले, पद नाकारले, प्रवासखर्चही नाकारला, तिने रणभूमीवर औषधांचा खर्च भागवावयाचा तरी कशातून? नाइटिंगेल यांच्या पाठीशी श्रीमंत कुटुंब, मंत्र्यांचा स्नेह आणि सरकारी खजिना होता. सीकोल यांच्या पाठीशी त्यांची खीर होती. एकीने संस्था घडविली, दुसरीने माणसाला हात लावला. तथागतांच्या पाच गुणांची कसोटी लावली तर पथ्याचे ज्ञान, मैत्री, किळस नसणे आणि धीर देणे यांत सीकोल कोठेही उण्या पडत नाहीत. आणि लोभ म्हणावा, तर या व्यापारातून त्यांच्या पदरी दिवाळखोरी आली.

त्यांच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. आपल्या स्कॉटिश रक्ताचा त्यांना अभिमान होता आणि त्यांच्या लेखनात तुर्क, ग्रीक इत्यादींविषयी त्या काळच्या गोऱ्या समाजाचे पूर्वग्रह उमटले आहेत. साम्राज्याच्या सैन्याकडे त्या आपलेपणाने पाहत. १८५७ साली हिंदुस्थानात उठाव झाला तेव्हा येथे येऊन ब्रिटिश जखमींची सेवा करण्याचा विचारही त्यांनी केला होता. तो प्रत्यक्षात आला नाही. महामानवांनाही तपासून घ्यावे, ही बाबासाहेबांची शिकवण आहे. तपासून घेतल्यावरही जे उरते, त्यालाच वंदन करावयाचे असते.

विस्मरण आणि स्मरण

मार्च १८५६ मध्ये तह झाला. सैन्य झपाट्याने परतले आणि नव्याने भरलेला माल कोठारात पडून राहिला. तो कवडीमोलाने विकून सीकोल लंडनला परतल्या आणि त्याच वर्षी त्यांचे दिवाळे निघाले. माजी शिपायांनी त्यांच्यासाठी निधी उभारण्याचे ठरविले. जुलै १८५७ मध्ये चार दिवसांचा भव्य संगीतमहोत्सव झाला, हजारो लोक आले. पण व्यवस्था पाहणारी कंपनीच बुडाल्यामुळे सीकोल यांच्या हाती अवघे ५७ पौंड पडले. त्याच महिन्यात त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये एखाद्या कृष्णवर्णीय स्त्रीने स्वतःचे जीवन स्वतःच सांगावे, ही त्या काळी दुर्मीळ घटना होती. १८६७ साली दुसरा निधी उभा राहिला आणि त्यांचे उत्तरायुष्य बऱ्यापैकी सुखात गेले. १४ मे १८८१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर इंग्लंड त्यांना विसरले. थोडाथोडका काळ नव्हे, जवळजवळ शंभर वर्षे. नाइटिंगेल यांचे पुतळे उभे राहिले, त्यांच्यावर पुस्तके निघाली. सीकोल यांच्या कबरीवर गवत वाढले.

त्यांची आठवण परत आणली ती त्यांच्याच लोकांनी. १९५४ मध्ये जमैकाच्या परिचारिकांनी आपल्या संघटनेच्या वास्तूला मेरी सीकोल यांचे नाव दिले. १९७३ मध्ये लंडनमधील जमैकन स्त्रिया आणि परिचारिकांच्या संघटनेने त्यांची कबर शोधून तिचा जीर्णोद्धार केला. १९८४ मध्ये त्यांचे आत्मचरित्र पुन्हा छापले गेले. २००४ मध्ये थोर कृष्णवर्णीय ब्रिटिश व्यक्तींसाठी झालेल्या लोकमतात त्या पहिल्या आल्या. त्याच सुमारास त्यांचे १८६९ साली काढलेले तैलचित्र सापडले. ते एका दुसऱ्या चित्राच्या चौकटीला पाठीमागून आधार म्हणून लावलेले होते. गळ्याभोवती तांबडा रुमाल, छातीवर तीन पदके आणि बाजूला वळलेली शांत नजर असे ते चित्र आज लंडनच्या राष्ट्रीय चित्रदालनात आहे. पुढे बारा वर्षे लोकवर्गणी जमवून ३० जून २०१६ रोजी सेंट टॉमस रुग्णालयाच्या आवारात, नदीपलीकडील ब्रिटिश संसदेकडे तोंड करून त्यांचा पुतळा उभा राहिला. नाइटिंगेल यांच्या विद्यालयाच्या जागी हा पुतळा नको, असा विरोधही झाला. पण तो उभा राहिला.

आपल्यासाठी

ही कथा दूर देशाची आहे, तरी तिचे आपल्याशी नाते आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या सुईणीचे काम अस्पृश्य मानलेल्या जातींतील स्त्रियांकडे होते. उच्चवर्णीयांच्या लेकराला या जगातला पहिला स्पर्श त्यांचा होई, नाळ त्या कापीत, आणि नंतर घर शुद्ध करून घेतले जाई. त्यांच्या हातांना जे कळत होते त्याला कोणी विद्या म्हटले नाही आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाई फुले यांनी डॉक्टर मुलगा यशवंत याच्यासह पुण्याजवळ रुग्णांची सेवा केली. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले, त्यातून त्यांना प्लेगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांचेही स्मरण दीर्घकाळ झाकलेले राहिले आणि बहुजन समाजातील अभ्यासकांनी व कार्यकर्त्यांनी ते उजेडात आणले. शोषितांचा इतिहास शोषितांनाच लिहावा लागतो, याचे हे दोन दाखले.

आजची परिचारिका केवळ डॉक्टरच्या मागे उभी राहणारी मदतनीस राहिलेली नाही. अतिदक्षता कक्षात श्वसनयंत्रावरील रुग्णाच्या प्रकृतीतला बदल प्रथम तिच्या लक्षात येतो. औषधाची मात्रा तपासणे, जंतुसंसर्ग रोखणे, शस्त्रक्रियेची तयारी, प्रसूती, लसीकरण, क्षयरोग्यांचा पाठपुरावा, मनोरुग्णांची देखभाल, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची वेदना कमी करणे, ही सारी तिचीच क्षेत्रे आहेत. उपकेंद्रातील परिचारिका ही कित्येक पाड्यांसाठी सरकारी आरोग्यसेवेचा एकमेव चेहरा असते. आपल्या देशात १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली आणि पदविका, पदवी, पदव्युत्तर असे शिक्षणाचे मार्ग खुले झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका व सुईणींचे वर्ष म्हणून घोषित केले आणि त्याच वर्षी कोरोनाच्या साथीने त्यांचे मोल साऱ्या जगाला दाखवून दिले. त्या साथीत इंग्लंडमध्ये रुग्णांच्या पुनर्वसनासाठी उघडलेल्या एका केंद्राला सीकोल यांचेच नाव दिले गेले.

तरीही आपल्या समाजात एक संकोच अजून शिल्लक आहे. मुलगी हुशार असेल तर डॉक्टर व्हावी, जमले नाही तर नर्सिंग, असे पालक म्हणतात. दुसऱ्यांची घाण उपसण्यातून आपण मोठ्या कष्टाने बाहेर पडलो, मग मुलीने पुन्हा मलमूत्राला हात का लावावा, अशी वेदनाही त्यामागे असते. ती वेदना खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेता येणार नाही. परंतु जातीने लादलेली घाण आणि ज्ञानाने, वेतनाने, स्वेच्छेने स्वीकारलेली शुश्रूषा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिलीत माणसाला नकाराचा हक्क नव्हता. दुसरीत तो आहे, सन्मान मागण्याचा हक्क आहे, संघटित होण्याचा हक्क आहे, आणि हे हक्क संविधानाने दिले आहेत. ज्या कामाला स्वतः तथागतांनी हात लावला, ते काम हलके असू शकत नाही. आपल्या शाळेतून बाहेर पडून ज्या मुली आणि मुलगेही आज रुग्णालयांतून रात्रपाळ्या करीत आहेत, त्यांना समाजाने हे आवर्जून सांगितले पाहिजे. कर्तव्यावर असताना आडनाव विचारून नंतर वागणूक बदलणारे रुग्ण आणि सहकारी त्यांना आजही भेटतात. अशा वेळी मेरी सीकोल यांनी पनामाच्या मेजवानीत दिलेले उत्तर त्यांच्या पाठीशी असो.

निवासी शाळेत राहणाऱ्या लेकरांना आईबाप जवळ नसतात. रात्री कोणाला ताप भरला तर शेजारच्या खाटेवरचा सोबती उठतो, पाणी देतो, कपाळावर ओली घडी ठेवतो. त्याने त्या आजाऱ्याची जात विचारलेली नसते. महावग्गातील उपदेश आपल्या वसतिगृहात असा रोज जगला जातो आणि परिचर्येचे पहिले शिक्षण येथेच मिळते. ते घेऊन आमचे विद्यार्थी जगात जावोत, आणि ज्यांचे हात नाकारले गेले तरी ज्यांनी सेवा नाकारली नाही त्या मेरी सीकोल यांचे स्मरण दर १४ मे रोजी आपल्या शाळेत होवो, एवढी अपेक्षा व्यक्त करून आम्ही या महान परिचारिकेला विनम्र अभिवादन करतो.

जय भीम! नमो बुद्धाय!